मोहरीच्या वाटीतले स्क्रू

मला माझ्या भावजयीचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. हेवा वाटला की माणसं त्याला दुसरी नावं देतात. काळजी म्हणतात, शिस्त म्हणतात, "मला काय करायचंय, मी आपली सांगते" म्हणतात. मीही तीन हिवाळे हेच केलं. आता पन्नाशी उलटली, तेव्हा निदान लिहिताना तरी खरं लिहावं.

तिच्याकडे हेवा करण्यासारखं तसं काही नव्हतं. दागिने माझ्याकडे जास्त, शिक्षण माझं जास्त, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या शाळेतली माझी नोकरी कायमची. तिच्याकडे फक्त आमचे आण्णा होते. तेही सगळे नाही, दिवाळीनंतरच्या उन्हातले तेवढे.

आण्णा म्हणजे माझे वडील. धाराशिवच्या एका सरकारी कार्यालयात ते ड्रायव्हर होते. साहेब बदलत, पांढरी ॲम्बॅसिडर तीच आणि ड्रायव्हरही तोच. रविवारी ते कार्यालयाच्या आवारात गाडी धुवायला जात आणि मला सोबत नेत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बादली धरायची, चिंध्या पिळून द्यायच्या, चाकांच्या टोप्या स्वतःचं तोंड दिसेपर्यंत घासायच्या ही माझी कामं. "पोरी, सुकी चिंधी दे," ते हात मागे करून म्हणायचे, वळून न बघता. त्या हातात चिंधी ठेवणं हे मला त्या वयात जगातलं सगळ्यात मोठं काम वाटायचं.

गाडीत मात्र कधी बसू दिलं नाही. "सरकारी हाय, आपल्या बापाची न्हाय," असं स्वतः बापच सांगायचा. सगळं धुऊन झालं की एक मान मला मिळायचा, दार लावायचा. तोही साधासुधा नाही. त्या दाराला वजन होतं, पोरीसोरींना ते आपटायचाच मोह व्हायचा. मी आपटलं की आण्णा कडाडायचे, "घराचं कवाड हाय का ते? उघड. परत लाव." आधी हळू ढकलायचं, मग तळव्यानं दाबायचं. नीट लागेपर्यंत ते तीन-तीन वेळा लावायला लावायचे. मी रडकुंडीला यायचे आणि पुढच्या रविवारी सगळ्यात आधी चपला घालून तयार असायचे.

पुढे ती गाडी निकामी ठरली, लिलावात निघाली आणि आण्णांनी ती घेतली. निवृत्त ड्रायव्हर आणि निवृत्त गाडी एकाच घरात आली. आई म्हणायची, "आता दोगं बी उनात बसा." पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती पुष्कळ वर्षं पडून राहिली. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली, उंदरांनी वायरी खाल्ल्या. तोवर माझं लग्न होऊन मी वाशीला गेले होते. मग आई गेली. त्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, आण्णांनी ताडपत्री ओढून काढली.

गाडीचं काम हिवाळ्यातच, हा त्यांचा नियम. पावसाळ्यात रंग धरत नाही, उन्हाळ्यात पत्रा हात लावू देत नाही. दिवाळी ते संक्रांत सकाळचं ऊन शेडच्या तोंडाशी येतं, तेवढं त्यांना पुरे. पण तोवर काचबिंदूनं त्यांची नजर बरीच नेली होती. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. अशा माणसाला गाडी खोलायची म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी डोळे हवेत. माझा धाकटा भाऊ बँकेत, नांदेडला. तो रविवारी येतो आणि गाडीतलं त्याला पेट्रोलचं झाकण तेवढं कळतं. राहिली भावजय. ती बेंबळीची. तिचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात. लहानपणी तिनं भातुकली खेळली की नाही ठाऊक नाही, पण नट हातात घेतला की त्याला कितीचा पाना लागेल हे ती न बघता सांगते.

मला हे कळलं ते एका शनिवारी. शनिवारी सकाळची शाळा उरकून मी बसनं माहेरी जायचे, रविवारी परतायचे. त्या दुपारी मी पिशवी घेऊन फाटकातून आत आले. आण्णा इंजिनात वाकलेले. हात मागे करून म्हणाले, "पोरी, चौदाचा पाना दे."

माझा हात पुढे झाला. खरोखर झाला. पिशवी खाली ठेवून मी दोन पावलं गेलेसुद्धा. तेवढ्यात गाडीखालून भावजयीचा काळा, तेलकट हात वर आला आणि पाना त्यांच्या हातात पडला. मग तिनं डोकं बाहेर काढलं, पदर खोचलेला, कपाळावर ग्रीस. "ताई, कवा आलात? बसा, च्या ठेवते," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, माझं मी ठेवते. चहात साखर घालायची विसरले आणि तोच चहा तिघांनाही दिला.

'पोरी' हा काही माझा खासगी शब्द नव्हे. सून पोरीसारखी वागते, सासरा पोरी म्हणतो, शेजारणी कौतुक करतात. मीही शेजारणींसमोर कौतुक केलं. पण बसमध्ये खिडकीशी बसून वाशीपर्यंत मी त्या एका शब्दाला चिकटून राहिले. मला ते आता 'बाई' म्हणायचे. "बाई, बरी हायस का? शाळा काय म्हणती?" मास्तरणीशी बोलावं तसं, सांभाळून.

पहिला हिवाळा इंजिनात गेला, दुसरा पत्रा आणि रंगात. दर शनिवारी मी काहीतरी खुसपट काढायचे. शेडमध्ये थंडी आहे, आण्णांना खोकला होईल. पोरांचा अभ्यास कोण घेतं? भाकरीला ग्रीसचा वास येतोय का गं? ती "व्हय ताई" म्हणायची आणि स्वेटर आणून त्यांच्या खांद्यावर टाकायची. तिच्याशी भांडताही येत नव्हतं, त्याचा वेगळा राग.

सगळ्यात जास्त मला लागला तो डबा. आईचा पितळी मसाल्याचा डबा, सात वाट्यांचा. आई गेल्यावर सुनेनं स्वयंपाकघरात स्टीलचा आणला आणि पितळी शेडमध्ये गेला. आण्णांना वाट्यांची जागा पाठ होती. चाळीस वर्षं आईनं हाक मारून "जरा मोहरी द्या" म्हटलं की ते बोटानं चाचपून द्यायचे, डोळे चांगले होते तेव्हासुद्धा. आता त्याच वाट्यांत गाडीचे बारके भाग ठेवलेले. मोहरीच्या वाटीत कार्बोरेटरचे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत डिस्ट्रिब्युटरचे, हळदीच्या वाटीत पितळी वायसर, अशा सातही भरलेल्या. आत तेल चोपडलेलं, म्हणजे गंज चढत नाही. दोघं बोलायचीही त्याच भाषेत.

"मोहरीतला आखूड दे."

"मामा, ह्यो जिऱ्यातला वाटतुया."

"मग जिऱ्यात टाक. अन् हळदीतला पातळ वायसर दे."

आणि दोघं हसायची. माझ्या आईच्या डब्यावरून माझे वडील आणि ती हसायची, आणि मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

तिसरा हिवाळा आला. गाडी जवळजवळ झाली होती. येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, ती शेतात न्यायची असं ठरलं. त्या दिवशी आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही. गावं, गल्ल्या ओस पडतात. ज्याला शेत आहे तो आपल्या, नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पुजायचे, आंबील शिंपायची आणि रानातच भज्जी, म्हणजे तुरी-वाटाण्याची मिसळभाजी, आणि भाकरी खायची. आमचा दोन एकरांचा तुकडा तेरच्या रस्त्याला आहे. आण्णा जन्मभर साहेबांना घेऊन जिल्हा फिरले, पण स्वतःच्या शेतात गाडीनं कधी गेले नव्हते.

मी दोन दिवस रजा टाकून आधीच आले. भज्जी आईसारखी मलाच जमते, हे निमित्त. खरं म्हणजे त्या गाडीच्या पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसायचं, एवढंच माझ्या मनात होतं. आठव्या वर्षापासून होतं. त्या गाडीची पुढची सीट सलग असते, बाकासारखी. तिघं सहज मावतात. मी मनात जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

भावजय मंडईत गेली होती, हिरव्या तुरी, वाटाणा, चुका, गाजर असलं सगळं आणायला. आण्णा उन्हात खुर्चीवर डुलक्या घेत होते. मी शेडमध्ये गेले. कार्बोरेटर खोललेला, शेवटची साफसफाई चालली होती. डबा उघडा पडलेला, काळा, चिकट. आईच्या हयातीत तो दर अमावस्येला सोन्यासारखा निघायचा.

सणाला आईचा डबा स्वयंपाकघरात हवा, असं मी स्वतःला सांगितलं. वाट्या एकामागोमाग परातीत उपड्या केल्या. मोहरी, जिरं, हळद, सगळं एकत्र. मी काय करत होते ते मला माहीत होतं. मी शिक्षिका आहे, क्रमानं लावलेल्या गोष्टींचा क्रम मोडला की काय होतं ते मला पुरतं कळतं. तरी मी उपड्या केल्या आणि उपड्या करताना हात हलका झाल्यासारखा वाटला. मग मोरीत बसून चिंच आणि मीठ लावून डबा घासला. तेलकट पाण्याबरोबर आणखी काय वाहून गेलं ते मी पाहिलं नाही.

डबा लखलखीत निघाला. मागे भावजय भाजीची पिशवी घेऊन उभी होती.

तिनं डबा पाहिला, परात पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. एवढ्यात बाहेरून हाक आली, "पोरी, आलीस का? मोहरीतला बारका स्क्रू आण."

तिनं पिशवी ठेवली आणि बाहेर गेली. मी मोरीतूनच ऐकलं.

"मामा, डबा माझ्या हातनं सांडला. समदं एक झालं."

आण्णा आमच्याकडे कमी बोलणारे म्हणून प्रसिद्ध. त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं त्यांना ऐकलं. "डोळे कुठं गेलते तुझे? मला दिसत न्हाय म्हणून तुझ्या भरवशावर हाय ना म्या? तीन वर्षं झाली, तीन! लई शहाणी समजती स्वतःला." बरंच काही. ती खाली मान घालून उभी होती, मला दारातून दिसत होतं. चिंचेचे हात घेऊन मी तिथं उभी होते आणि मला बरं वाटत होतं. एकदम आत, पोटात बरं वाटत होतं. पुढे होऊन 'मी केलं' म्हणायला चार पावलं पुरली असती.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. अर्ध्या तासानं पाहिलं तर दोघं उन्हात समोरासमोर बसलेली, मध्ये परात. ते एकेक स्क्रू दोन बोटांत फिरवत होते, आटे नखानं मोजत होते, ती त्यांच्या तळहातावर पुढचा ठेवत होती. "ह्यो?" "मोहरी." "ह्यो?" "थांब जरा. जिरं." रागावणं संपलं होतं, जणू भाजीत मीठ टाकून झालं आणि मग सगळे जेवायला बसले. मी आत जाऊन वाटाणे सोलायला घेतले. आण्णा मला शेवटचं कधी रागावले होते, ते आठवून पाहिलं. लग्नाआधीचं काहीतरी असावं. नेमकं आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं जागेवर बसलं. एक स्प्रिंग सापडेना. कार्बोरेटरच्या एका स्क्रूला ती असते. नसली की स्क्रू थरथरून सैल होतो आणि गाडी उभी असताना बंद पडते. बारीक, करंगळीच्या पेराएवढी. ती कुठं गेली असेल ते मला ठाऊक होतं. सणामुळे दुकानं बंद व्हायच्या बेतात, आणि इतक्या जुन्या गाडीची स्प्रिंग कुणाकडे असणार? येळवस दुसऱ्या दिवशी होती.

भावजय माझ्याकडे आली. "ताई, तुमचा लाल पेन हाय का, टकटक करायचा?"

वह्या तपासायचा पेन माझ्या पर्समध्ये असतोच. मी दिला. आता हेही घे, असंच मनात आलं. तिनं तो खोलला, आतली स्प्रिंग काढली, पक्कडीनं थोडी ताणली, स्क्रूवर चढवली. स्टार्टर मारल्यावर गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि मग चालू राहिली. आण्णांनी बॉनेटवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. भाऊ त्याच दिवशी नांदेडहून आला होता, त्यानं फोटो काढले. मी भज्जी जळेल म्हणून आत गेले. भज्जी अजून चुलीवर चढलीही नव्हती.

येळवसच्या सकाळी निघालो. भावजय चालवायला, आण्णा खिडकीशी. मी पुढचं दार धरून उभी होते, मधल्या जागेत शिरायला. आण्णांना माझ्या बांगड्या ऐकू आल्या असाव्यात. म्हणाले, "बाई, तू मागं बस. डाव्या बाजूला, साहेबाच्या जागी. आज मान तुझा." आणि मधल्या जागेवर आंबिलीचं मडकं ठेवायला सांगितलं, कलंडू नये म्हणून.

मी साहेबाच्या जागी बसले. शेजारी भाऊ, पोरं, भाकरीची टोपली. समोर आण्णांचं पांढरं डोकं आणि तिचा अंबाडा, मध्ये मडकं. नवी सीट, नवा रंग, आणि ते तिला वळणं सांगत होते, "आता घाट उतरताना गियर खाली घे. हां पोरी." मला रडू येत होतं आणि भाचा विचारत होता, आत्या, मस्त वाटतंय ना?

शेतात पूजा झाली, आंबील शिंपून झाली. जेवणं झाल्यावर भावजय पोरांना घेऊन हरभऱ्याकडे गेली, भाऊ बांधावर आडवा झाला. कोपेच्या सावलीला मी आणि आण्णा दोघंच उरलो. मी म्हटलं, "आण्णा, डबा तिच्या हातून नाही सांडला."

"ठावं हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"वाट्यांना चिंचेचा वास हुता. चिंचेनं कोण घासतंय आपल्या घरात? तुझी आई, न्हाय तर तू."

मी म्हटलं, "मग तिला एवढं का बोललात? मला का नाही बोललात?"

"तुला कसं बोलू, बाई?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. "तू सांजच्याला जाणार. बोललेलं घिऊन जाशील अन् महिनाभर येणार न्हाईस. तिला बोललं तर ती तासाभरानं च्या घिऊन येती. पाव्हण्या माणसाला बोलत न्हाईत."

त्यात त्यांना माझं मन राखायचं होतं, हे मला कळत होतं. तरी तिला बसलेली सगळी बोलणी मला हवी झाली. तीन वर्षांत मी तिच्या हातातल्या पान्याचा, त्या हसण्याचा, 'पोरी'चा हेवा केला होता. आता तर तिनं खाल्लेल्या शिव्यांचाही वाटू लागला.

उन्हं कलली तशी आवराआवर झाली. मडकं रिकामं झालं होतं, ते डिकीत गेलं. आण्णा आधीच पुढे बसले होते, भावजय चालकाच्या दाराशी उभी राहून पायाची माती झटकत होती. मी मागे शिरले आणि दार ओढून घेतलं. ते आपटलं. जाणूनबुजून आपटलं की हात जड झाला होता, हे आजही मला सांगता येणार नाही. रानभर आवाज झाला.

"पोरी!" आण्णा कडाडले, पुढे बघतच. "कितीदा सांगितलं? घराचं कवाड हाय का ते?"

"चुकलं मामा," भावजय बाहेरून म्हणाली. तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. असू द्या, अशा अर्थानं. मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही.

"तिनं नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "आण्णा, मी आपटलं. मी."

आण्णांचं डोकं हललं नाही. मला वाटलं, आता म्हणतील, असू दे बाई.

"मग उतर," ते म्हणाले. "पन्नास वर्षांची झालीस, अजून दार लावता यीना? उतर खाली. परत लाव."

मी उतरले. भाऊ हसायला लागला. मी हळू ढकललं, तळव्यानं दाबलं. "न्हाय," आतून आवाज आला. "परत." दुसऱ्यांदा लावलं. "परत, पोरी." तिसऱ्या वेळी ते नीट लागलं, पण मी बाहेरच राहिले होते. तोवर चालकाच्या जागी बसलेल्या भावजयीनं आतून हात लांब करून पुढच्या मधल्या जागेवरचा आपला पदर सावरला आणि म्हणाली, "ताई, मडकं न्हाय आता. हिकडनं या."